विमानतळावरची सुरक्षा रांग : सगळे प्रवासी सारखे नसतात

आमच्या अणदूरहून उमराहला निघालेल्यांना विमानासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. त्यांत पहिल्यांदाच विमानात बसणारे बुजुर्ग असतात. सुरक्षा तपासणीत त्यांच्यामागे दर आठवड्याला उडणारा कंपनीवाला उभा. दादी विचारते, चप्पल काढू का? मागच्याचा जीव खालीवर. दोघांचंही चुकत नाही, रांग एकच आहे.

अमेरिकेत 2008 मध्ये सॉल्ट लेक सिटी विमानतळावर रांगा वेगळ्या केल्या. सरावलेल्यांची काळ्या खुणेची, मुलंबाळं आणि मदत लागणाऱ्यांची हिरव्या खुणेची, मधल्यांची निळी. कोणती घ्यायची ते प्रवाशानेच ठरवायचं. आपल्याकडे डिसेंबर 2022 पासून डिजियात्रा आली. चेहरा दाखवला की आत. पण ती देशांतर्गत प्रवासापुरती, आणि सोय झाली ती स्मार्टफोनवाल्याची. आमच्या मते आधी हिरवी रांग हवी, कारण वेळ जातो तो तिथेच.

तोवर एवढं सांभाळा. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा. बायकांची अंगझडती महिला जवानच पडद्याआड घेतात, त्यामुळे बुरखा-हिजाबची काळजी नको. 100 मिलिलिटरपेक्षा मोठी अत्तराची बाटली, कात्री, अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच. कमरपट्ट्याला धातूचं बक्कल असेल तर तो काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. एहरामसाठी कापडी पट्टा बरा.