आळ, नाते आणि निष्ठा : तमिळनाडूतील पक्षनिष्ठेचे वाङ्मयीन अधिष्ठान

१

उमेदवारावर किंवा नेत्यावर गैरव्यवहाराचे गंभीर आरोप होऊनही मतदार आपला पक्ष का सोडत नाही, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. त्याची उत्तरेही ठरून गेली आहेत : मतदाराचे अज्ञान, जातींची गणिते, पैशाचे वाटप, पर्यायाचा अभाव. ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्या सर्वांत मतदार एक तर फसवला गेलेला असतो, नाही तर विकला गेलेला. आरोप त्याच्या कानी पडतो तेव्हा तो त्याचा कोणता अर्थ लावतो, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. आरोप हीदेखील एक संहिता असते. ती कोणीतरी, कोणत्यातरी भाषेत रचलेली असते आणि वाचणारा ती आपल्या संचिताच्या आधारे वाचतो. एवढे मान्य केले की हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकापुढेही येऊन उभा राहतो.

मराठीत 'आरोप' आणि 'आळ' असे दोन शब्द आहेत. आरोप सिद्ध व्हावयाचा असतो. त्याच्या खरेखोटेपणाविषयी शब्द तटस्थ राहतो. 'आळ घेतला' असे म्हणणाऱ्याने मात्र तो खोटा असल्याचे आधीच धरून चाललेले असते. पक्षनिष्ठ मतदार आरोपाचे रूपांतर आळात करतो. हे रूपांतर कोणत्या साधनांनी घडते आणि कोणत्या वेळी घडत नाही, याचा विचार तमिळनाडूच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. तेथील दोन्ही प्रमुख पक्ष नाटक, वक्तृत्व, नियतकालिके आणि चित्रपट यांच्या कुशीत वाढले आणि दोहोंच्याही सर्वोच्च नेतृत्वाला भ्रष्टाचाराच्या आरोपांना तोंड द्यावे लागले.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. द्रविड मुन्नेट्र कळघमची स्थापना १७ सप्टेंबर १९४९ रोजी सी. एन. अण्णादुराई यांनी केली आणि १९६७ मध्ये हा पक्ष सत्तेवर आला. अण्णादुराईंच्या निधनानंतर, १९६९ मध्ये, एम. करुणानिधी मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या हिशेबांची जाहीर मागणी केल्यामुळे ऑक्टोबर १९७२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांची हकालपट्टी झाली व त्यांनी अण्णा द्रमुक हा नवा पक्ष काढला. म्हणजे तमिळनाडूची द्विपक्षीय रचना मुळातच भ्रष्टाचाराच्या आरोपातून जन्मली. आणीबाणीत, ३१ जानेवारी १९७६ रोजी, करुणानिधींचे सरकार बरखास्त झाले आणि आरोपांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती सरकारिया आयोग नेमला गेला. १९७७ च्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकचा पराभव झाला. तरीही २३४ पैकी ४८ जागा आणि सुमारे २५ टक्के मते त्याच्याकडे राहिली.

यानंतरची दोन उदाहरणे या आकड्याशेजारी ठेवावीत. १९९६ मध्ये जे. जयललिता यांच्या राजवटीविरुद्धचा रोष इतका होता की स्वतः मुख्यमंत्री बरगूर मतदारसंघात पराभूत झाल्या आणि अण्णा द्रमुकच्या वाट्याला अवघ्या ४ जागा आल्या. तरीही सुमारे २१ टक्के मते त्या पक्षाला मिळालीच. २०११ मध्ये दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणाची छाया द्रमुकवर पडली. पक्षाला २३ जागा मिळाल्या, विरोधी पक्षाचे स्थानही राहिले नाही. मते मात्र सुमारे २२ टक्के होती. प्रत्येक वेळी लढवलेल्या जागांची संख्या आणि मित्रपक्ष वेगळे असल्यामुळे या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही, हे खरे. परंतु सर्वांत वाईट काळातही एक थर हलत नाही, एवढे त्यांतून दिसते. जो हलतो तो या थराबाहेरचा मतदार, आणि त्याच्याइतकेच हलतात ते मित्रपक्ष. २००१ मध्ये द्रमुक व अण्णा द्रमुक यांना प्रत्येकी सुमारे ३१ टक्के मते मिळाली; जागा मात्र ३१ आणि १३२! मतदारांच्या मनःपरिवर्तनाचा म्हणून जो निकाल वाचला गेला, त्याचा मोठा भाग आघाड्यांच्या जुळणीचा होता.

२००१ ची निवडणूक आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तान्सी जमीन प्रकरणात जयललितांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांनी चार मतदारसंघांत भरलेले अर्ज फेटाळले गेले. त्या उमेदवारच नव्हत्या, आणि तरीही मते त्यांच्याच नावाने मागितली व दिली गेली. मे २००१ मध्ये त्यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती नेमणूक अवैध ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले आणि आंडिपट्टीची पोटनिवडणूक जिंकून मार्च २००२ मध्ये त्या परतल्या. कलंकित उमेदवाराला मत का, या आपल्या प्रश्नाचे येथे रूपच पालटते. उमेदवार मतपत्रिकेवर नसतानाही निष्ठा टिकते; मग ती कशावर असते?

३

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा संबोधनांत सापडतो. अण्णादुराईंच्या नावाचा संक्षेप 'अण्णा', आणि तमिळमध्ये त्याचा अर्थ थोरला भाऊ. १९५० च्या दशकात त्यांनी आपल्या साप्ताहिकातून 'तंबी'ला, म्हणजे धाकट्या भावाला, उद्देशून पत्रे लिहिली. करुणानिधींनी 'मुरसोली' या दैनिकातून दशकानुदशके हजारो पत्रे लिहिली; त्यांतील संबोधन 'उडनपिरप्पे', म्हणजे सहोदर. रामचंद्रन सभेची सुरुवात करीत ती श्रोत्यांना आपल्या रक्ताचे रक्त म्हणून. जयललिता तर 'अम्मा'च झाल्या. ही केवळ लाडिक विशेषणे नव्हेत. पत्रलेखन हा एक वाङ्मयप्रकार आहे. त्यात वाचकासाठी एक जागा आधीच आखून ठेवलेली असते. रोज सकाळी सहोदर म्हणून पत्र वाचणारा कार्यकर्ता हळूहळू त्या जागेवर बसतो आणि वाचनालयात, चहाच्या दुकानात ते मोठ्याने वाचून दाखवून इतरांनाही तेथे बसवतो.

नात्याच्या या भाषेत आरोपाची जातच बदलते. कंत्राटदाराने लबाडी केली तर आपण त्याला बदलतो. भावाने केली तर त्याच्यावर चिडतो, घरात भांडतो, पण दारात पोलीस आले की त्याच्या बाजूने उभे राहतो. येथे भाषेचा आणखी एक मुद्दा आहे. आयोगाचे अहवाल आणि न्यायालयांची निकालपत्रे इंग्रजीत असत. त्यांचे खंडन मात्र सभेतल्या अलंकृत, वळणदार तमिळमध्ये होई. बर्नार्ड बेट यांनी तमिळ वक्तृत्वावरील २००९ च्या ग्रंथात दाखवले आहे की ही साहित्यिक तमिळ व्यासपीठावर आणणे हेच द्रविड राजकारणाचे एक अंग होते. आरोप परभाषेत आणि उत्तर मायबोलीत, ही विषमता लहान नव्हे.

यावरून मतदार केवळ शब्दांनी भारला गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८२ मध्ये रामचंद्रन यांनी विस्तारलेली मध्यान्ह भोजन योजना, २००६ नंतर द्रमुक सरकारने अल्प दरात दिलेला तांदूळ, २०११ पासून शिधापत्रिकेवर मोफत मिळू लागलेला तांदूळ, २०१३ मध्ये सुरू झालेली अम्मा उपाहारगृहे, हा सारा नात्याचा ऐहिक पुरावा होता. एम. एस. एस. पांडियन यांनी 'द इमेज ट्रॅप' (१९९२) मध्ये रामचंद्रन यांच्या पडद्यावरील प्रतिमेची कठोर चिकित्सा केली : ज्या गरिबांनी त्यांना उचलून धरले, त्यांच्या पदरात राज्यकारभारातून फारसे पडले नाही. ती चिकित्सा डोळ्यांआड करता येत नाही. परंतु शाळेत मुलाच्या ताटात पडलेला भात आणि 'अम्मा' हा शब्द यांना आईने एकत्र वाचणे, हा निव्वळ भ्रम नाही. शब्दाला वस्तूचा आधार मिळाला म्हणूनच शब्द टिकला.

४

दुसरा धागा कथेचा आहे. 'शिलप्पदिकारम्' या महाकाव्याला तमिळ अस्मितेच्या केंद्रस्थानी आणण्यात द्रमुकचा मोठा वाटा आहे. पेरियार यांनी या काव्यावर कडाडून टीका केली होती. अण्णादुराई व करुणानिधी यांनी मात्र ते आपले मानले. करुणानिधींनी या कथेवरील 'पूम्पुहार' (१९६४) या चित्रपटाचे लेखन केले. जानेवारी १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर कण्णगीचा पुतळा उभा राहिला. डिसेंबर २००१ मध्ये, जयललितांच्या कारकिर्दीत, तो हलवला गेला आणि २००६ मध्ये करुणानिधींनी तो पुन्हा बसवला.

आता या कथेचा गाभा आठवावा. कोवलन मदुरेत पत्नीचा पैंजण विकावयास जातो. राणीचा पैंजण चोरल्याचा आळ त्याच्यावर येतो. राजा चौकशीविना त्याचा वध करवतो. कण्णगी दरबारात दुसरा पैंजण फोडून त्यातील माणके दाखवते, पतीचे निर्दोषत्व सिद्ध करते आणि मदुरा जाळते. एखाद्या समाजाच्या आदर्श कथेच्या मध्यभागी चोरीचा खोटा आळ असावा, ही गोष्ट आपल्या प्रश्नासाठी विलक्षण आहे. सत्ताधीशाने चोर म्हटले म्हणून माणूस चोर ठरत नाही, हा बोध तेथे पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रपटांतून घरोघर पोचलेला आहे. १९७६ मध्ये केंद्राने सरकार बरखास्त करून आयोग नेमला, तेव्हा आरोप करणारा आणि शिक्षा देणारा एकच होता. २०१४ मध्ये जयललितांना शिक्षा झाली ती बंगळूरच्या विशेष न्यायालयात, म्हणजे ज्या राज्याशी कावेरीच्या पाण्याचा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे तेथे. खटला तेथे वर्ग करण्यामागे निःपक्षपातीपणाचेच कारण होते. परंतु समर्थकांना ती परक्याची कचेरी दिसली. मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, जूनमध्ये राधाकृष्णन नगरची पोटनिवडणूक त्यांनी दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकली आणि २०१६ मध्ये पक्षाने सत्ता राखली. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोषत्वाचा निकाल फिरवून सहआरोपींच्या शिक्षा कायम केल्या. कोवलन निर्दोष होता. येथे कथा आणि इतिहास यांची फारकत होते, ती अभ्यासकाने झाकू नये.

मात्र त्याच काव्यात दुसरीही एक बाजू आहे. आपली चूक कळताच पांड्य राजा सिंहासनावरच प्राण सोडतो; राज्यकर्ता चुकला तर धर्मच त्याचा काळ होतो, हा या काव्याचा परंपरेने सांगितलेला पहिला सिद्धान्त. म्हणजे जी कथा आरोपिताला आधार देते, तीच सत्ताधीशाला शासन करते. तमिळनाडूचे निकाल या दुहेरी दृष्टीने वाचता येतात. १९९६ व २०११ मध्ये आरोपित स्वतः सिंहासनावर होते आणि त्यांना जबर शिक्षा झाली. सत्ता गेली, खटले उभे राहिले, अटक झाली की पारडे फिरू लागते : १९९६ च्या डिसेंबरात तुरुंगात गेलेल्या जयललितांच्या आघाडीने १९९८ मध्ये लोकसभेच्या ३९ पैकी ३० जागा जिंकल्या. दूरसंचार प्रकरणातील माजी मंत्री ए. राजा २०१४ मध्ये नीलगिरीत हरले, डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयातून सुटले (त्याविरुद्ध तपासयंत्रणेने अपील केले) आणि २०१९ मध्ये तेथूनच निवडून आले. काव्यामुळे निकाल लागले, असा कार्यकारणभाव येथे सुचवावयाचा नाही. आघाड्यांचे गणित वर दिलेच आहे. म्हणणे एवढेच की आरोप वाचण्याचा साचा मतदारापाशी तयार होता, आणि तो साचा एकाच बाजूचा नव्हता.

५

हे केवळ तमिळ वैशिष्ट्य नव्हे. बोस्टन शहरातील आयरिश वस्तीचे पुढारी जेम्स मायकेल कर्ली हे एका मतदाराच्या जागी नोकरीच्या परीक्षेस बसल्याबद्दल तुरुंगात असतानाच १९०४ मध्ये नगरमंडळावर निवडून आले. गुन्हा कबूल होता; पण तो आपल्या माणसासाठी केला, एवढ्याने तो उपकार ठरला. त्यांच्यावर बेतलेली मानली जाणारी एडविन ओ'कॉनर यांची 'द लास्ट हुराह' (१९५६) ही कादंबरी या निष्ठेकडे जिव्हाळ्याने पाहते. आपल्याकडे अरुण साधूंच्या 'सिंहासन' (१९७७) मध्ये राजकारण दिसते ते पत्रकाराच्या आणि सत्तावर्तुळाच्या डोळ्यांनी. निष्ठावान मतदार तेथे पार्श्वभूमीला राहतो. 'दादा', 'भाऊ', 'ताई', 'साहेब' ही संबोधने मराठी राजकारणातही उदंड आहेत. ज्याला ती खरी वाटतात त्याच्या मनाचा शोध मराठी कादंबरीला अजून घेता येईल.

परंतु निष्ठेचे हे आकलन निष्ठेचे समर्थन होऊ नये. फेब्रुवारी २००० मध्ये कोडैकानलच्या हॉटेल प्रकरणात जयललितांना शिक्षा झाली, त्या दिवशी धर्मपुरीजवळ पक्षकार्यकर्त्यांनी कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थिनींची बस पेटवली. तीन मुली जळून मेल्या. पुढच्या वर्षीच तो पक्ष सत्तेवर आला. आईवर आळ आला म्हणून ज्यांनी आग लावली, त्यांनी मदुरा जाळणाऱ्या कण्णगीचे नव्हे, चौकशीविना मारणाऱ्या राजाचे काम केले. कण्णगीने पुरावा आधी दाखवला होता आणि काव्यात तिने अग्नीला वृद्ध, बालके व स्त्रिया यांना वगळण्यास सांगितले आहे. नात्याच्या भाषेने आरोपाचा आळ केला, की पैंजण फोडून पाहण्याची गरज उरत नाही, हा तिचा धोका आहे.

निष्ठावान मतदाराला अज्ञानी म्हणणे सोपे असते, आणि त्याला भोळा भक्त म्हणून गौरवणेही सोपे असते. तो वाचक आहे, असे म्हटले की दोन्ही सवलती संपतात. वाचक चुकीचे वाचू शकतो, हट्टाने वाचू शकतो. तसाच तो आपल्याच परंपरेतील दुसरे पान उलटूही शकतो. पांड्य राजाच्या मृत्यूचे पान तमिळ मतदाराने १९९६ मध्ये उलटले, २०११ मध्येही उलटले. नात्याची हाक आणि पुराव्याची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच काव्याने त्याच्या हाती दिल्या आहेत. निष्ठेच्या इतिहासात त्या दोहोंची नोंद व्हावयास हवी.