चावडीतली शाळा, चावडीतला निकाल

१ मे. झेंडावंदन उरकलं की सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत निकाल लागतो. नाव पुकारलं की पोरगं पुढे येतं, प्रगतीपुस्तक घेतं आणि फाटकाकडे धूम ठोकतं. तिथे उभी असलेली आई ते उलटसुलट करून बघते आणि माझ्याकडे वळून विचारते, “गुरुजी, वर घातलं न्हवं?”

तीस वर्षांच्या नोकरीत प्रगतीपुस्तकाचे नमुने किती बदलले, ते सांगायला बोटं पुरणार नाहीत. हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यामुळे आपल्या गावच्या शाळेची वाटचाल सांगायची, तर ती याच प्रश्नाचं बोट धरून सांगावी लागते.

सुरुवात रयतेपासून. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचं बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं. खेड्यांतल्या शाळांना मास्तर कुठून आणायचे, हा प्रश्न होताच. त्यासाठी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. पुढे गावोगाव व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांची संख्या ५७८ वर गेली. इमारतीची वाट कोण बघणार? देऊळ, धर्मशाळा, चावडी, मिळेल त्या जागी पाटी-पेन्सिल सुरू झाली. भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. त्यांची प्रगती मोजणारं पुस्तक कोणाकडे असतं, तर त्यावर काय शेरा पडला असता, हे न बोललेलंच बरं.

त्या काळी परीक्षा म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांची भेट. साहेब येणार म्हटलं की जमीन सारवली जायची, पोरांना आंघोळी घातल्या जायच्या. साहेबांपुढे पाढे म्हणायचे, धडा वाचायचा, झालं. पालकांना वेगळं कळवायची गरजच नव्हती. मास्तर गावातच राहायचा, ‘पोरगं हुशार हाय, पन हुंदडतंय’ हा अहवाल पारावर तोंडी जायचा. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्याला गावात मान होता, कारण तेवढ्यावर मास्तरकी मिळायची.

स्वातंत्र्यानंतर व्हॉलंटरी शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती आलं. मग कागद वाढला. सहामाही, वार्षिक, विषयवार गुण, नापास विषयाखाली लाल रेघ आणि खाली ‘पालकाची सही’. आमच्या घरी त्या जागी आजोबांचा अंगठा उमटायचा. गणितात लाल रेघ आली, त्या वर्षी मी प्रगतीपुस्तक मुद्दाम आजोबांपुढेच धरलं. वडील वाचायचे, आजोबा फक्त शाई लावायचे. कागदावर निकाल होता, पण तो घरात पोचलाच नाही.

२०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक, ३० संकलित, तिसरी-चौथीला ६०-४०, सातवी-आठवीपर्यंत हे प्रमाण ४०-६० वर येतं. आकारिक म्हणजे वर्षभर चाललेलं निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय; संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. गुणांऐवजी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या, आणि सोबत वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक.

कल्पना सोन्यासारखी होती. पण मार्च उजाडला की तयार नोंदींचे कागद शिक्षकांत फिरायचे. ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘चित्रकलेची आवड आहे’. मीही उतरवल्यात, लपवत नाही. एका वर्षी माझ्या वर्गातल्या तेवीसच्या तेवीस पोरांना चित्रकलेची आवड निघाली. आणि फाटकाशी आई विचारायची, “ब-दोन म्हंजे वर घातलं न्हवं?”

पोराची प्रगती घरच्यांना कळावी कशी, ह्या कोड्याचा एक उलगडा आपल्याच जिल्ह्यात, कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात झाला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचा प्रयोग केला. वर्गाच्या फरशीवर अक्षरं आणि अंक आखले, शंभर मण्यांच्या माळा आल्या, दशकाचे गठ्ठे आले. पोरं खाली बसून शब्द लावतात, माळेवर बेरीज करतात. दारात उभ्या माणसाला कोण कुठे अडलंय ते डोळ्यांनी दिसतं. राज्यभरातून शिक्षक ते बघायला आले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर झाला, त्यामागे ह्या शाळांचाही वाटा होता. त्यासोबत पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या.

वारं पुन्हा थोडं फिरलंय. डिसेंबर २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणं राज्यात पुन्हा गरजेचं झालं. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा. आता समग्र प्रगतीपत्रकही येतंय, त्यात मूल स्वतःबद्दल, सोबत्याबद्दल सांगणार आणि पालकही लिहिणार. म्हणजे आजोबांच्या अंगठ्याच्या जागेला आता शब्द हवेत.

ते शब्द कुठून येतील, हे मला २०२५ मध्ये कळलं. वाचन-गणिताचा पाया पक्का करायच्या ‘निपुण महाराष्ट्र’च्या कृती कार्यक्रमात चावडी वाचन आलं. पूर्वी गावात सातबारा चावडीवर मोठ्याने वाचला जायचा, कारण ज्याचं चुकीचं लागलंय त्याला तिथल्या तिथे बोलता यावं. तसंच हे: दुसरी ते पाचवीच्या पोरांनी गावासमोर वाचायचं.

निवृत्त झालेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिसरीतलं एक पोर उभं राहिलं आणि धडाधड वाचत सुटलं. टाळ्या झाल्या. शेजारच्या आजी मात्र टाळी वाजवायचं विसरून माझ्याकडे वळल्या. त्यांना अक्षर येत नाही.

“गुरुजी, अवघड शबूद आला की ह्यो गिळतोय बघा. तसा का करतोय?”

मी तीस वर्षांत लिहिलेल्या नोंदींत इतकी नेमकी एकही नव्हती.