वुताईची पंगत

वुताई पर्वतावर जायचं तर इ.स. ८४० चा उन्हाळा धरा. उशीर नको. पाच वर्षांनी सम्राट वूत्सुंगच्या फर्मानानं चीनभरचे मठ मोडले जातील, भिक्षूंच्या अंगावरची चीवरं उतरवली जातील.

आधी परवाना. शानतुंगच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघायचं तर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. जपानहून आलेला एन्निन नावाचा भिक्षू तेच करतोय. त्याच्या सोबतीनं निघा. कुठल्या गावी काय मिळालं, कोण कसं वागलं, हे तो नेमानं टिपून ठेवतो. शिधा जवळ असू द्या. या मुलखातली पिकं टोळांनी खाल्ली आहेत, आणि उपाशी घरात पेज मागायला तुमची जीभ रेटणार नाही.

दोन महिन्यांची पायपीट झाली की डोंगरातल्या धर्मशाळा लागतात. कोण, कुठला, हे न विचारता जागा मिळते. पेज असली तर वाढतात, नसली तर आपली आपण शिजवायची. मग एके दिवशी वुताईचं मध्यशिखर दिसतं. एन्निन जमिनीवर डोकं टेकतो, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं. तुम्हालाही भरून आलं तर आवरू नका. गोल, बोडके असे हे पाच माथे म्हणजे मंजुश्री बोधिसत्त्वाची भूमी. उत्तरेचं शिखर तीन हजार मीटरहून उंच आहे. कांबळं विसरलात तर भर उन्हाळ्यात कुडकुडाल.

मंजुश्री इथं कुठल्याही रूपात भेटतो, असं सगळे मानतात. म्हातारा, भिकारी, अगदी वाटेत आडवं आलेलं गाढवसुद्धा. त्यामुळे इथं कुणी कुणाला हिडीसफिडीस करत नाही.

महाहुआयेन मठात पंगतीला बसा आणि वाढप्यांकडे नीट पाहा. इथली कथा सांगतात ती अशी: एका धनिकानं भिक्षूंसाठी जेवण घातलं, तर भिकारीही येऊन बसले. तो चिडला. त्यांच्यातल्या एका गर्भवतीनं पोटातल्या बाळाचा वाटा वेगळा मागितला. त्यानं नकार दिला. ‘मग मीही जेवत नाही,’ म्हणून ती उठली, आणि दाराबाहेर पडताच मंजुश्री होऊन सोनेरी सिंहावरून निघून गेली. तेव्हापासून भिक्षू असो, भिकारी असो, बाई असो की पोर, सगळ्यांना सारखं वाढतात. जिनगे मठाची सोन्यानं मढवलेली तांब्याची कौलं जरूर पाहा, पण माझ्या मते या डोंगराचं खरं वैभव ही पंगत आहे. पायरी पाहून आसन देणाऱ्या साम्राज्यात ती बसते आहे.

परतताना नैऋत्येला उतरा. ७८२ मध्ये उभारलेलं नानचानचं छोटं देऊळ तिकडेच आहे. त्याच्या लाकडी खांबांना हात लावा. ते आपल्या काळापर्यंत टिकणार आहे. फोगुआंग मठाचं तिमजली मैत्रेय-भवन मात्र ८४५ च्या मोडतोडीत जाईल, म्हणून तिथं जास्त वेळ ठेवा. त्याच आवारात ८५७ मध्ये निंग गोंगयू नावाच्या स्त्रीच्या दानातून नवं दालन उभं राहील, आणि १९३७ मध्ये वास्तुविशारद लिन हुईयिन तुळईच्या खालच्या अंगाला तिचं नाव वाचतील. त्या दालनाचं बांधकाम चालू असताना पाहायचं असेल, तर दुसरी फेरी आखावी लागेल.