नुसती काच

सोमवारी सकाळी ११ वाजून ३३ मिनिटांनी माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण निकालात निघालं. झिंक ऑक्साइडच्या थराचे म्हणून मी मांडलेले तीन आकडे थराचे नव्हतेच. ते त्याच्याखालच्या काचेचे होते. त्याआधीच्या ४७ दिवसांचा हा घटनाक्रम.

४७ दिवस आधी. बुधवार, दुपारी ३:१०
स्पेक्ट्रोमीटरवर तासाभराचा नंबर लागला होता. माझ्याकडे सहा नमुने होते. झिंक ऑक्साइडचे पातळ थर, त्यांत मॅग्नेशियम ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्के. दोन ॲसिटेटांचं द्रावण ४५० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचपट्ट्यांवर फवारून ते तयार केले होते. मॅग्नेशियम वाढवलं की बँड गॅप वाढतो. तो कितपत वाढतो, ते मोजायचं होतं.

दुपारी ३:१२
मशीनवरच्या काकांनी विचारलं, "रेफरन्सला काय ठेवू? नुसती काच आणलीस का?"
आणली नव्हती. ५० काचपट्ट्यांचा खोका वरच्या मजल्यावर होता. जाऊन यायला पाच मिनिटं लागली असती.
"हवाच राहू द्या, काका," मी म्हणाले.

दुपारी ३:४४
सहावं स्कॅन संपलं. एका स्कॅनला चार मिनिटं लागत होती. पहिल्या तीन नमुन्यांच्या रेषा सुट्या सुट्या आल्या. शेवटच्या तिघांच्या रेषा एकमेकींवर चढल्या होत्या, आणि तिन्ही ३१० नॅनोमीटरच्या आसपास खाली येत होत्या. वहीत लिहिलं: "३० टक्क्यांनंतर वाढ थांबते." त्याखाली दोन रेघा मारल्या.

रात्री ११:३०
टाउक प्लॉट काढले. सरळ भाग खालच्या अक्षापर्यंत वाढवायचा, तो जिथे टेकेल तो बँड गॅप. आले ते आकडे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये असे: ३.२८, ३.४९, ३.७२, ३.९९, ४.०१, ४.००.
ओहतोमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ सालचा शोधनिबंध समोर होता. त्यात मॅग्नेशियम ३३ टक्के आणि बँड गॅप ३.९९. त्या आकड्यावरून मी पिवळा मार्कर फिरवला. त्यांनी थर सफायरवर वाढवला होता, हेही त्याच शोधनिबंधात छापलेलं होतं. सफायरमधून अतिनील प्रकाश आरपार जातो. प्रयोगशाळेतली साधी काचपट्टी तो ३१० नॅनोमीटरच्या आसपास अडवू लागते. सफायरच्या त्या ओळीवर मार्कर फिरला नाही.

१९ दिवस आधी. बुधवार, सायंकाळी ५:२०
माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रबंधाचा मसुदा तपासून परत दिला. आकृती ५.४ शेजारी पेन्सिलीनं एकच शब्द होता: "सबस्ट्रेट?"
थराखालच्या पदार्थाचं नाव राहिलंय, असं मला वाटलं. आकृतीखालच्या ओळीत मी "काच" हा शब्द घातला आणि पेन्सिलीची खूण खोडून टाकली.

१२ दिवस आधी. बुधवार, रात्री ९:००
याच निष्कर्षाचा गोषवारा एका परिषदेला पाठवला. लेखकांत माझं नाव पहिलं, मॅडमचं दुसरं.

६७ तास आधी. शुक्रवार, दुपारी ४:००
बाइंडिंगवाल्याकडून पाच प्रती आणल्या. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. प्रत्येकी ८४ पानं.

३८ तास आधी. शनिवार, रात्री ९:००
होस्टेलच्या खोलीत रंगीत तालीम झाली. एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, "ताई, वेगवेगळ्या तीन नमुन्यांच्या रेषा इतक्या सारख्या कशा?"
मी दोन मिनिटं उत्तर दिलं. ३३ टक्के, ३.९९, मॅग्नेशियम ऑक्साइड वेगळं होणं. तिनं मान डोलावली.

१३ तास आधी. रविवार, रात्री १०:००
स्लाइड जास्त होत होत्या. मूळ मोजमापांची एक स्लाइड मी काढून टाकली. आईचा फोन आला. दही-साखर खाऊन जा, म्हणाली.

२ तास २० मिनिटं आधी. सोमवार, सकाळी ८:४०
स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीचं दार उघडं होतं. काका टेबल पुसत होते. "आज नंबर आहे का तुझा?"
"नाही काका, आज व्हायव्हा."

सकाळी ११:००
खोलीत नऊ जण. पुण्याहून आलेले बाह्य परीक्षक पहिल्या रांगेत, प्रत उघडून बसलेले.

११:२६
एकोणिसावी स्लाइड. सहा रेषा, त्यांतल्या तीन एकमेकींवर. "३० टक्क्यांनंतर वाढ थांबते," मी म्हणाले.

११:२८
परीक्षकांनी विचारलं, "थर कशावर आहे?"
"काचेवर, सर."
"नुसत्या काचेचा आलेख दाखवा."

११:२९
मी पुढच्या स्लाइड पाहिल्या. मग मागच्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या प्रतीकडे.
"तो घेतला नाही, सर."

११:३१
परीक्षक उठून फळ्यापाशी गेले. आवाज चढला नव्हता. त्यांनी लिहिलं: १२४० ÷ ३१० = ४.०. भागाकाराच्या खाली एक शब्द: काच.

११:३३
"पहिले तीन आकडे तुमचे आहेत," ते म्हणाले. "उरलेल्या तीन नमुन्यांबद्दल तुम्ही आम्हाला अजून काहीच सांगितलेलं नाही."

११:५२
निर्णय झाला. पाचवं प्रकरण मागे घ्यायचं, शेवटचे तीन थर क्वार्ट्झवर पुन्हा बनवायचे, पुढच्या सत्रात पुन्हा व्हायव्हा. मॅडमनी फोन काढला आणि गोषवारा मागे घेत असल्याचा मेल तिथेच उभ्या उभ्या टाइप केला.

दुपारी २:१५
खोक्यातून एक काचपट्टी घेतली, ॲसिटोननं पुसली आणि खाली गेले.
"रेफरन्सला काय ठेवू?" काकांनी विचारलं.
"हवाच," मी म्हणाले.

दुपारी २:२१
स्कॅन संपलं. जुनी फाईल उघडून नवी रेषा तिच्यावर टाकली. ३०, ४० आणि ५० टक्क्यांच्या रेषांवर ती बसली. कुठेही फट नव्हती.
फाईलला नाव द्यायचं होतं. मी लिहिलं: काच.