काचेचे घर आणि ऑक्टोबरची छाटणी

भारतातून पाहुणे आले की लंडनकर मराठी माणूस त्यांना ज्या चार-पाच ठिकाणी नेतो, त्यात हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा हमखास असतो. आठव्या हेन्रीच्या बायकांच्या कथा होतात, झुडपांच्या भूलभुलैयात वाट चुकून होते आणि पाय दुखू लागले की शेवटी ती प्रसिद्ध द्राक्षवेल. १७६८ साली लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानशिल्पीने लावलेली ही काळ्या द्राक्षांची वेल आजही वर्षाला सरासरी २७० किलोच्या आसपास फळ देते. बहुतेक पाहुणे काचघरापाशी पाच मिनिटे थांबतात, "बाई गं, केवढी ही!" म्हणतात आणि चहाच्या वासाने पुढे सरकतात.

माझे मामा मात्र तिथे पाऊण तास उभे राहिले. मामांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग. त्यांनी खोड पाहिले, फांद्यांची वळणे पाहिली, वरच्या झडपा कशा उघडतात ते पाहिले आणि विचारले, "अरे, हिची मुळं कुठंयत?" मुळे काचघराच्या बाहेर, उघड्या जमिनीत पसरलेली असतात, तो वाफा मोकळाच ठेवतात. मामा हसले. "डोकं घरात आणि पाय शेतात. हे बरंय. आम्हाला कुणी दिलं असतं असं घर?"

या गोष्टीला पंचवीसहून अधिक वर्षे झाली, पण मामांचा तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

द्राक्षवेल मूळची कॉकेशस, कॅस्पियन या बाजूची. तिला हिवाळ्यात गाढ झोप लागते आणि पुढे लांबलचक, कोरडा, उबदार उन्हाळा लागतो. इंग्लंडमध्ये झोपेची सोय उत्तम, पण उन्हाळा अपुरा. नाशिकला उन्हाची ददात नाही, पण हिवाळा नावापुरता आणि ऐन वाढीच्या दिवसांत चार महिने पाऊस. म्हणजे दोन्हीकडे वेल परकीच. (आपल्यासारखीच म्हणा ना!) इंग्रजांनी वेलीभोवतालची हवा बदलली. आपल्या लोकांनी हवेला हात न लावता वेलीचे पंचांग बदलले.

आधी इंग्रजांचे. काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि सधन घराच्या बागेत द्राक्षांचे काचघर ही सर्रास गोष्ट झाली. कोळशाच्या भट्टीवर पाणी तापवून ते लोखंडी नळांतून फिरवायचे. डोळे फुटायच्या वेळी रात्री सुमारे दहा अंश सेल्सियस ऊब ठेवायची आणि हळूहळू वाढवत न्यायची. फरशीवर, भिंतींवर पाणी शिंपडून हवा दमट करायची, म्हणजे डोळे सुकत नाहीत. फुलोरा आला की शिंपणे बंद. हवा कोरडी आणि उबदार, फांदीला हलके हिसके द्यायचे, की पराग उडाले. मणी पिकू लागले की झडपा उघडून वारा खेळता ठेवायचा. शेवटी हिवाळ्यात सगळी दारे-खिडक्या सताड उघडायच्या, कारण वेलीला थंडी बाधली नाही तर ती पुढच्या साली नीट फुटत नाही. हे सारे एका माळ्याच्या नाकावर आणि कातडीवर चाले. आत पाऊल टाकताच "आज हवा कोंदलीय" हे कळणारा माणूस म्हणजे खरा माळी.

पण कोंदलेली हवा माळ्याच्या आधी दुसऱ्या कुणालातरी कळते. त्याच १८४५ साली केंट परगण्यातल्या मार्गेट गावी एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला आपल्या काचघरातल्या वेलींवर पिठासारखा पांढरा थर दिसला. ही आपल्याकडची भुरी. बर्कली या बुरशीतज्ज्ञाने १८४७ मध्ये तिला टकरचेच नाव दिले. बिचाऱ्या माळ्याला अमरत्व मिळाले ते असे! भुरीचा स्वभाव विलक्षण. पानावर साचलेले पाणी तिला लागत नाही, उलट मानवतही नाही. वीस ते सत्तावीस अंश ऊब, थोडी सावली, दमट पण न हलणारी हवा, एवढे तिला पुरते. काचेच्या घराने तिला पाऊस आणि प्रखर ऊन या दोन्हींपासून आडोसाच दिला. काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि १८५४ साली तिथले वाइनचे उत्पादन चांगल्या वर्षाच्या पाचव्या हिश्शावर आले. उपाय टकरनेच सुचवला होता : गंधक आणि चुना.

दुसरा रोग केवडा; आजचे बागाईतदार त्याला डाऊनी म्हणतात. हा अमेरिकेतून आला आणि १८७८ साली फ्रान्समध्ये दिसला. याचे भुरीच्या अगदी उलट : पान ओले असेल तरच याचे बीज रुजते. रात्रीचे दव, पहाटेचे धुके, एखादी सर पुरते. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्याच वेलींची पाने टिकली हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले. आमच्या आजोळी फवारणी करणाऱ्या गड्यांचे सदरे निळे पडलेले असत, ते याच मिश्रणाने. चोरांसाठी काढलेली युक्ती इतकी लांब पोचली.

आता आपले पंचांग. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने नोंदवले. त्यात जादू नाही. थंडीची झोप नसल्याने आपल्याकडची वेल छाटाल तेव्हा फुटते. भोकरी, फकडी, साहेबी या जुन्या जातींपासून थॉमसनपर्यंत आपल्या लोकांनी याचाच फायदा घेतला. (थॉमसन हा मूळचा इंग्रज, १८७२ साली कॅलिफोर्नियात त्याने ज्या काड्या मागवल्या त्यांचे नाव होते लेडी डी कव्हर्ली. आपण लेडीला विसरलो!) एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यावर फळ धरायचेच नाही. कडक उन्हात काडी तयार होते आणि छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीच्या डोळ्यात घड आहे की नुसता बाळी, हे ठरून जाते. ते दिवस ढगाळ गेले तर पुढचे वर्ष तिथेच हुकते. पावसाळा वेलीने नुसत्या पानांवर काढायचा. पाऊस सरला की ऑक्टोबर छाटणी, आणि कोरड्या थंडीत फुलोरा, मणी, साखर. थंडीची उणीव भरून डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. काचघरातला माळी त्याच कामासाठी फांदी वाकवून बांधत असे.

१९९१ साली महाग्रेप्स सुरू झाली आणि नाशिकचा माल इथल्या दुकानांत दिसू लागला. मार्च महिन्यात आपण जी पेटी उचलतो, तिच्यातला घड तोडल्यावर काही तासांत सुमारे चार अंशांपर्यंत गार केलेला असतो. पुढे शून्याच्या जवळ आणि नव्वद टक्क्यांहून अधिक दमट हवेत ठेवलेला, शेजारी गंधकाचा वायू सोडणारा कागद. टकरचा गंधक असा आपल्या फ्रीजपर्यंत येतो.

या पंचांगाला एकच अट होती : पाऊस वेळेवर परत गेला पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो गेलाच नाही. बागलाणातल्या लवकर छाटलेल्या बागांत तयार मणी तडकले. निफाड, दिंडोरीकडे कुठे घड जिरले, कुठे फुलोऱ्यातच कुजले. त्याच्या आदल्याच वर्षी डिसेंबरात निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि लोकांनी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. गारठ्याने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात, तो खर्च वेगळाच. ऐंशी पार केलेले मामा त्या नोव्हेंबरात फोनवर एवढेच म्हणाले, "औषध मारायला ट्रॅक्टर आत जात नाही, चिखलात रुततोय."

त्यानंतर नाशिकमध्ये काही बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन चढू लागले. खर्च एवढा, की बागाईतदार सरकारकडे अनुदान मागत आहेत. माझ्या मामेभावाने कर्ज काढून एका एकरावर ते घातले. पहिल्या हंगामात पाने कोरडी राहिली, केवडा जवळजवळ दिसला नाही, फवारण्याही कमी झाल्या. जानेवारीत त्याने फोनवर फोटो पाठवला : हिरव्या मण्यांवर पिठासारखा पांढरा थर. मी त्याला मार्गेटच्या टकरची गोष्ट सांगितली. त्याला ती मुळीच मजेशीर वाटली नाही. "गंधक मारलाय," तो म्हणाला, "आणि दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक वर गुंडाळून बांधलंय. वारा आत आला पाहिजे."