शिआनची मशीद आणि दगडावरची तारीख

आज जाऊया चीनमध्ये, शिआनच्या मोठ्या मशिदीत.

फोटो बघितलात तर मशीद वाटणारच नाही. घुमट नाही. चौकामागून चौक, वळलेल्या कडांची कौलारू छपरं आणि मिनाराच्या जागी तीनमजली, अष्टकोनी मनोरा, अगदी पॅगोडासारखा. मग ओळखायचं कसं? होकायंत्र काढा. चिनी मंदिरं सहसा दक्षिणेकडे तोंड करून असतात. हे अख्खं आवार मात्र पूर्व-पश्चिम आहे, कारण मक्का पश्चिमेला. शेवटच्या चौकात नमाजाचं दालन, आत लाकडी फळ्यांवर कोरलेलं कुराण.

आता खरी गंमत. आवारातला शिलालेख म्हणतो, मशीद ७४२ सालची, तांग काळातली. पण आजची वास्तू बहुतेक मिंग काळातली, १३९२ च्या सुमाराची. त्याच लेखानुसार इस्लाम चीनमध्ये आला सुई राजवटीत, ५८१ ते ६०० च्या दरम्यान. आणि पैगंबरांना पहिला साक्षात्कार झाला ६१० च्या सुमारास! म्हणजे रिपॉझिटरी बनायच्या आधीच कमिट. इतिहासकार हा लेख बराच नंतरचा मानतात.

बॅकडेट करणाऱ्याचा मला काही राग येत नाही. आपण हुई मुसलमान काल आलेलो नाही, इथलेच आहोत, हे दगडावर लिहून ठेवावंसं वाटलं असणार. गेल्या काही वर्षांत 'चिनीकरणा'च्या नावाखाली तिथल्या अनेक मशिदींचे घुमट उतरवले गेले. इथे उतरवायला घुमट नव्हताच.