बेसिक म्हणजे नेमकं काय?

काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. शेजारच्या शेतातली मूठभर काळी माती ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, निवळू देऊन, वरच्या पाण्यात तांबडा लिटमस बुडवायचा, असा साधा प्रयोग होता. लिटमस हळूहळू निळसर झाला. एक शिक्षक म्हणाले, "म्हणजे माती बेसिक आहे." मागच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. ते हसून म्हणाले, "अहो, आमची शाळाही बेसिकच होती!" तेवढ्यात तिसऱ्या कोणीतरी महागाई भत्ता बेसिकच्या किती टक्के झाला याची आठवण करून दिली आणि चर्चा भलतीकडे वळली.

आमच्या डोक्यात मात्र तो शब्द घोळत राहिला. माती बेसिक, शाळा बेसिक आणि पगारही बेसिक! या तिघांत समान काय आहे?

मुळात हा शब्द ग्रीक 'बासिस'वरून आला. बासिस म्हणजे पाऊल, आणि पुढे पाऊल जिथे टेकतं ती जागा, बैठक, पाया. आपल्या 'पाया' या शब्दातही 'पाय' आहेच. म्हणून त्रिकोणाच्या बेसला आपण पाया म्हणतो. घातांकाच्या धड्यात २ चा घात ५ लिहितो तेव्हा २ हाही पायाच. इथवर भाषांतर सरळ आहे. अडचण रसायनशास्त्रापासून सुरू होते.

आम्लाचा आधार की शत्रू?

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये गियोम-फ्रांस्वा रुएल नावाचे रसायनशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. लाव्हाझिए हा त्यांचाच विद्यार्थी. त्या काळी माहीत असलेली बरीचशी आम्लं द्रवरूप आणि उडून जाणारी होती. एखाद्या पदार्थाशी संयोग झाला की मात्र त्यांपासून घन स्फटिक मिळत. रुएल यांनी १७५४ मध्ये मांडलं की हा दुसरा पदार्थ आम्लाला जणू बैठक देतो, म्हणून तो 'बेस'. म्हणजे नाव पडलं ते आधार देण्याच्या कल्पनेवरून. 'बेसिक' हे विशेषणही इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधी रसायनशास्त्रात वापरलं गेलं. आज आपल्याला सर्वांत ओळखीचा वाटणारा 'मूलभूत' हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

मराठी परिभाषेने वेगळी वाट धरली. आपण बेसला 'आम्लारी' म्हणतो. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू. एकाच पदार्थाला इंग्रजीत आधार म्हणतात आणि मराठीत वैरी! दोन्ही नावं एकाच अभिक्रियेकडे पाहतात. इंग्रजी नाव त्यातून काय तयार झालं ते सांगतं, मराठी नाव काय नाहीसं झालं ते. विदर्भातल्या मुलांपुढे आणखी एक घोळ असतो. मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून 'क्षार' आणि पाणी मिळतं. हिंदी पुस्तकात मात्र 'क्षार' म्हणजे अल्कली आणि आपला क्षार तो 'लवण'. हिंदी गाईड वाचून आलेला मुलगा गोंधळला, तर चूक त्याची नसते.

बेसिक खडक

आता वर्ध्याच्या मातीकडे येऊ. ही काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झाली. भूशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत बेसॉल्टला 'बेसिक' खडक म्हटलेलं असतं. पण हा बेसिक लिटमसवाला नव्हे. खडकातली सिलिका हे सिलिसिक आम्लच असतं असं एके काळी मानत. म्हणून भरपूर सिलिका असलेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकांना 'आम्ल' आणि ४५ ते ५२ टक्के सिलिका असलेल्या बेसॉल्टसारख्या खडकांना 'बेसिक' म्हणू लागले. ती समजूत पुढे चुकीची ठरली, नाव मात्र मागे राहिलं. आता भूशास्त्रज्ञ त्याऐवजी मॅग्नेशियम आणि लोह यांवरून बनवलेला 'मॅफिक' हा शब्द पसंत करतात. आणि बेसॉल्ट या नावाचा बेसशी काहीही संबंध नाही. एका लॅटिन शब्दाची नक्कल करताना झालेल्या चुकीतून ते आलं.

मग माती आम्लारीधर्मी का? बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. झीज होताना ते मोकळं होतं. पाऊस मध्यम असल्याने ते सगळं धुऊन जात नाही, कार्बोनेटच्या रूपात साचतं. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे हा त्याचा पुरावा. म्हणजे खडकही बेसिक, मातीही बेसिक, पण दोन्ही 'बेसिक' निरनिराळे. दोन नावं जुळली म्हणून एकातून दुसरं सिद्ध होत नाही. कारण वेगळं शोधावं लागतं.

बेसिक शाळा

आणि गुरुजींची शाळा? तिची कथा वर्ध्यातच घडली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. गांधीजी तेव्हा जवळच्या सेगावात राहत होते. त्या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेचं माध्यम, हस्तोद्योग हे शिक्षणाचं केंद्र आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, असे ठराव झाले. तपशील ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् व आशादेवी हे तिचे काही सभासद. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल आला. त्यातल्या योजनेचं इंग्रजी नाव होतं 'बेसिक नॅशनल एज्युकेशन'. गंमत अशी की या अभ्यासक्रमात इंग्रजी हा विषयच नव्हता.

अहवालातल्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं मूळ उद्योगाला दिलेली होती. पण उद्योग म्हणजे नुसती कताई नव्हे, त्यातून गणित, विज्ञान, भूगोल उलगडायचं होतं. ४ फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ४ लट्यांची गुंडी. तर गुंडीत सूत किती? २५६० फूट. हे गणित मूल स्वतःच्या हातच्या सुतावर करत होतं.

पण 'बेसिक' शब्द इथेही दोन ठिकाणी आला होता, बेसिक शिक्षण आणि बेसिक क्राफ्ट. हिंदीने पहिला उचलला आणि 'बुनियादी तालीम' म्हटलं. मराठीत 'मूलोद्योग शिक्षण' हे नाव रुळलं, म्हणजे भर उद्योगावर आला. आम्हांला वाटतं, या नावाने थोडं नुकसानच केलं. शाळेत जाऊन सूतच काढायचं का, असं पालक विचारू लागले. हा धोका आधीच दिसलेला होता. परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला होता आणि आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतू मागे पडू शकतो, असा इशारा झाकिर हुसेन समितीनेही दिला होता.

इंग्रजीत 'बेस' असा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ हलका, नीच. त्याचं मूळ वेगळं. पण हाताच्या कामाला हलकं मानणाऱ्या आपल्या समाजाने बेसिक शाळेला नेमकी तीच वागणूक दिली. शहरातली, इंग्रजी शिकवणारी शाळा 'खरी' आणि बेसिक शाळा खेड्यातल्यांसाठी. अखेर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या कोणत्याही एका टप्प्याला 'बेसिक' म्हणण्याची गरज नाही असं सांगितलं आणि 'कार्यानुभव' पुढे आणला. तो अनेक शाळांत आठवड्याच्या एकदोन तासिकांपुरता उरला, हे आपण सगळे जाणतो.

पाया की किमान?

त्यानंतर शब्दाचा अर्थच सरकला. १९९० मध्ये थायलंडमधल्या जोमतिएन येथे 'सर्वांसाठी शिक्षण' परिषद झाली. तिथे बेसिक म्हणजे प्रत्येकाला मिळायलाच हव्यात अशा शिकण्याच्या गरजा. पाठोपाठ १९९१ मध्ये आपल्याकडे किमान अध्ययन क्षमता आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान' आलं, तिसरीपर्यंत वाचता यावं, हिशेब करता यावा म्हणून. ही गरज खरीच आहे, तिला नाकारण्याचं कारण नाही. पण पाया आणि किमान यांत फरक आहे. पायावर पुढे इमारत उभी राहायची असते. किमान म्हणजे एवढं झालं की पुरे. वेतनाचंच पाहा. बेसिक पगार हा पाया असतो, कारण भत्ते त्याच्यावर मोजले जातात. पूर्ण पगार म्हणून तेवढाच हाती ठेवला तर आपल्यापैकी कोणाला चालेल?

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी संगणकाची एक सोपी भाषा बनवली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतूनही 'बेसिक' हाच शब्द तयार होतो. विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनीही स्वतः प्रोग्रॅम लिहावा, हा त्यामागचा हेतू. इथे सोपं म्हणजे कमी प्रतीचं असा अर्थ नव्हता. दार सर्वांना उघडं करणं हा अर्थ होता. वर्ध्याच्या १९३७ च्या बेसिकलाही तेच म्हणायचं होतं.

सेवाग्रामच्या नई तालीमच्या परिसरात २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा चालते. शेती, कताई, स्वयंपाक यांतून तिथली मुलं शिकतात. जमल्यास जरूर पाहून यावी.

वर्गात एक करून पाहता येईल. आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि बोलण्यातून 'बेस', 'बेसिक', 'पाया', 'मूलभूत' हे शब्द मुलांना गोळा करायला सांगावेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: कशाचा पाया, आणि त्यावर काय उभं राहणार? उत्तर सापडलं नाही तर तिथे शब्द नुसता शोभेला आहे असं समजावं.

भाषाशास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट सांगतात. ग्रीक 'बासिस' आणि संस्कृत 'गति' हे एकाच प्राचीन मुळातून निघालेले सख्खे शब्द आहेत. पाऊल टेकायला जागा लागते, ती पुढचं पाऊल उचलता यावं म्हणून. शिबिरातल्या त्या गुरुजींना हे सांगायचं राहून गेलं.